रेणूंचा ठावठिकाणा

माणसाच्या यकृतातल्या आणि मेंदूतल्या पेशींत जनुकसंच एकच असतो. तरीही अल्ब्युमिन हे प्रथिन यकृताच्या पेशी घडवतात आणि रक्तात सोडतात. इन्सुलिन स्वादुपिंडातल्या काही मोजक्या पेशीपुंजांतच तयार होते. शरीरातल्या पंधरा-वीस मिलिग्रॅम आयोडिनपैकी बहुतेक सारे गळ्यातल्या अवटू ग्रंथीत साठलेले असते. रक्ताच्या अहवालात एसजीपीटीचा आकडा वाढलेला दिसला की डॉक्टरांचे लक्ष आधी यकृताकडे जाते, कारण ते विकर मुख्यतः यकृतपेशींच्या आत राहते आणि पेशी फुटल्या की रक्तात सांडते. हे विकर राहते कुठे हे आधी ठाऊक नसते, तर त्या आकड्यातून काहीच निष्पन्न झाले नसते.

रेणूंचे असे पत्ते शोधायला सुमारे दोनशे वर्षे लागली. रेणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि ऊतीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखालीही जवळजवळ पारदर्शक असतो. त्यामुळे हव्या त्या रेणूला काहीतरी खूण करून मगच त्याचा माग काढावा लागला. ही खूण आधी रंगाची होती, पुढे किरणोत्साराची, मग प्रतिपिंडाची आणि शेवटी जनुकाच्या अक्षरांची. प्रत्येक टप्प्यावर एक गोष्ट पुन्हापुन्हा घडली: रेणू कुठे सापडतो हे कळले, की तो काय काम करतो याचा सुगावा लागला.

आयोडिनचा थेंब

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जीवरसायनाची रीत ठरलेली होती. बिया, पाने किंवा मांस वाटायचे, उकळायचे, गाळायचे आणि शेवटी भांड्यात काय उरले ते तपासायचे. या रीतीने पदार्थात काय आहे ते समजे. ते कुठे होते, ही माहिती मात्र वाटतानाच नाहीशी होई.

आयोडिन आणि पिष्ट एकत्र आले की गडद निळा रंग येतो, हे फ्रान्समध्ये १८१४ मध्ये नोंदवले गेले होते. शाळेत बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकून दाखवतात तोच हा प्रयोग. १८२५ मध्ये फ्रांस्वा-व्हँसाँ रास्पाय याने तो सूक्ष्मदर्शकाखाली नेला. गवतवर्गीय वनस्पतींच्या दाण्यांचे छेद घेऊन त्याने त्यांवर आयोडिन सोडले आणि निळे कण नेमके कोणत्या भागात उमटतात ते पाहिले. ऊतीची रचना न मोडता तिच्यातले रसायन जागच्या जागी ओळखण्याच्या शास्त्राची, म्हणजे ऊतिरसायनाची, सुरुवात या कामापासून मानतात. रास्पाय पुढे राजकारणात शिरला, अनेकदा तुरुंगात गेला आणि १८४८ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षपदाची निवडणूकही त्याने लढवली. पॅरिसमधला एक मोठा रस्ता आज त्याच्या नावाने ओळखला जातो.

प्राण्यांच्या ऊतींत असे सोपे रंग सहज सापडले नाहीत. १८६७ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ माक्स पेर्ल्स याने ऊतींच्या छेदांवर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले. जिथे लोह साठलेले होते तिथे प्रशियन निळा रंग उमटला. ही पद्धत आजही पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत चालते. थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यातले लोह यकृतात साठत जाते. ते छेदावर पाहायचे असेल तर रंग पेर्ल्सचाच लावतात.

निळे प्राणी, पांढरा मेंदू

रंगांचा खरा पूर कारखान्यांतून आला. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन साधले नाही, पण हाती जांभळा रंग लागला. पुढच्या काही दशकांत जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्याचा प्रचंड उद्योग उभा राहिला. कापडासाठी बनलेले हे रंग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हाती सहज येऊ लागले.

त्या विद्यार्थ्यांपैकी एक होता पाउल एर्लिख. ऊतींचे छेद रंगवण्यासाठी अॅनिलिन रंग वापरण्याची गोडी त्याला त्याचा नातलग कार्ल वायगर्ट याच्यामुळे लागली. एर्लिखने १८७८ मध्ये रंगांवरच प्रबंध लिहिला. एखादा रंग एका पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला धरत नाही, यामागे रसायनाचे काही कारण असले पाहिजे, अशी त्याची खात्री होती. रंगाची ही आवडनिवड औषधांनाही लागू असावी, या विचारातूनच त्याचे पुढचे औषधसंशोधन उभे राहिले.

१८८५ मध्ये त्याने जिवंत प्राण्यांच्या शरीरात रंग टोचून कोणत्या इंद्रियात तो किती पोचतो याची पाहणी प्रसिद्ध केली. शरीरातली बहुतेक इंद्रिये रंगली, पण कित्येक रंगांच्या बाबतीत मेंदू कोराच राहिला. मेंदूच्या ऊतीला या रंगांची ओढ नसावी, असा अर्थ एर्लिखने लावला.

हा अर्थ चुकीचा होता, हे एडविन गोल्डमान याच्या दोन प्रयोगांनी दिसून आले. १९०९ मध्ये त्याने ट्रिपॅन ब्लू हा रंग प्राण्यांच्या रक्तात सोडला. त्वचेपासून यकृतापर्यंत सारे शरीर निळे झाले, मेंदू आणि मज्जारज्जू मात्र पांढरेच राहिले. १९१३ मध्ये त्याने तोच रंग मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला. या वेळी मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मेंदूची ऊती रंग घेऊ शकत होती. रक्तातून तिच्यापर्यंत यायची वाट तेवढी बंद होती. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी अडसर आहे, एवढे यातून ठरले. तो अडसर नेमका कशाचा आहे, हे कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

केंद्रकात एक, भोवती दुसरे

रंगांनी केवळ नवी माहिती दिली असे नाही, एक पक्का समजही मोडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूक्लिक आम्लांचे दोन प्रकार माहीत होते. एक वासरांच्या थायमस ग्रंथीतून मिळे आणि दुसरा यीस्टमधून. पहिले प्राण्यांचे आणि दुसरे वनस्पतींचे, अशी वाटणी पाठ्यपुस्तकांत रूढ झाली होती. ऊती वाटून रसायने काढण्याच्या पद्धतीतून आलेला हा निष्कर्ष होता.

१९२४ मध्ये जर्मनीत रोबर्ट फॉयल्गेन याने एक नवी रंगपद्धत मांडली. छेद सौम्य आम्लात ठेवला की थायमसच्या न्यूक्लिक आम्लात, म्हणजे आज ज्याला डीएनए म्हणतात त्यात, काही क्रियाशील गट उघडे पडतात. मग त्यावर रंगहीन केलेले फुक्सिन ओतले की तिथे पुन्हा गर्द किरमिजी रंग येतो. फॉयल्गेनने ही पद्धत वनस्पतींच्या पेशींवर वापरली आणि त्यांची केंद्रकेही किरमिजी झाली. तथाकथित प्राण्यांचे आम्ल वनस्पतींतही होते आणि दोन्हीकडे ते केंद्रकातच होते.

मग दुसरे न्यूक्लिक आम्ल कुठे राहते? हा प्रश्न बेल्जियममध्ये जाँ ब्राशे याने आणि स्वीडनमध्ये टॉर्बयॉर्न कास्परसन याने वेगवेगळ्या मार्गांनी सोडवला. ब्राशे दोन रंगांचे मिश्रण वापरत असे. त्याने डीएनए हिरवट आणि आरएनए लाल दिसे. लाल दिसते ते खरोखरच आरएनए आहे ना, हे तपासायला तो शेजारचा छेद आरएनए पचवणाऱ्या विकरात बुडवून ठेवी. त्या छेदातला लाल रंग गेला, तर उत्तर पक्के. कास्परसनने रंग वापरलाच नाही. न्यूक्लिक आम्ले अतिनील प्रकाश शोषतात, म्हणून त्याने छेदांची अतिनील छायाचित्रे घेऊन कुठे किती शोषण होते ते मोजले.

१९४१-४२ पर्यंत दोघांची उत्तरे जुळली. आरएनए मुख्यतः केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात होते आणि सर्व ऊतींत सारखे नव्हते. पाचक विकरे घडवणाऱ्या स्वादुपिंडात, रेशमी किड्याच्या रेशीमग्रंथीत, वाढत्या मुळांच्या टोकांत ते भरपूर होते. हृदय आणि स्नायू अहोरात्र राबतात, पण त्यांच्यात ते थोडे होते. पेशी किती कष्ट करते याच्याशी आरएनएचा संबंध दिसत नव्हता, ती किती प्रथिने बनवते याच्याशी दिसत होता. आरएनए प्रथिने कशी घडवते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. तरी त्याचा प्रथिननिर्मितीशी संबंध असला पाहिजे, हे निव्वळ त्याच्या वाटणीवरून या दोघांनी ताडले. पुढे १९६१ मध्ये संदेशवाहक आरएनए सापडला तेव्हा त्या तर्काला आधार मिळाला.

हाडेही वाहती निघाली

रंगाने रेणू कुठे आहे ते दाखवले. तो तिथे कधी आला, कुठून आला आणि किती काळ थांबला, हे रंग सांगू शकत नव्हता. ते सांगणारी खूण एका अपयशातून मिळाली.

१९११ मध्ये बुडापेस्टचा तरुण रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग हेवेशी मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत आला. शिशाच्या मोठ्या साठ्यात मिसळलेले ‘रेडियम डी’ वेगळे काढण्याचे काम त्याला मिळाले. त्याने माहीत असलेल्या सर्व रीती वापरून पाहिल्या आणि सर्व फसल्या. त्या फसणारच होत्या, कारण रेडियम डी हा शिशाचाच एक किरणोत्सारी समस्थानिक आहे आणि रसायनाच्या दृष्टीने दोघांत फरक नाही. हेवेशीने हेच अपयश उलटे वापरले. वेगळे करता येत नसेल, तर चिमूटभर किरणोत्सारी शिसे साध्या शिशात मिसळले की सगळे शिसे जिथे जाईल तिथे ते जाणार आणि स्वतःचा पत्ता किरणांनी सांगणार. १९१३ मध्ये व्हिएन्नात फ्रिट्झ पानेथ याच्यासोबत त्याने ही कल्पना रसायनात वापरली.

१९२३ मध्ये ती सजीवांत उतरली. हेवेशीने घेवड्याच्या जातीच्या एका शेंगवर्गीय रोपाची मुळे किरणोत्सारी शिसे असलेल्या द्रावणात बुडवली. ठरावीक वेळाने मुळे, खोड आणि पाने वेगळी करून जाळली आणि प्रत्येकाच्या राखेचा किरणोत्सार मोजला. बहुतेक शिसे मुळांतच अडकले होते, वर फार थोडे चढले होते. नंतर रोप साध्या शिशाच्या द्रावणात ठेवले, तर आधीचे किरणोत्सारी शिसे बाहेर येऊ लागले. म्हणजे ते मुळात कायमचे रुतून बसलेले नव्हते.

शिसे वनस्पतीच्या कामाचे नाही. कामाच्या मूलद्रव्यांच्या खुणा १९३० च्या दशकात मिळाल्या. हॅरल्ड युरी याने १९३१ मध्ये जड हायड्रोजन शोधला. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये ज्योलिओ-क्युरी दांपत्याने किरणोत्सारी समस्थानिक कृत्रिमरीत्या बनवून दाखवले. त्याच वर्षी हेवेशीने एका सहकाऱ्यासोबत माणसाला जड पाणी मिसळलेले पाणी पाजून शरीरातून ते किती वेगाने निघून जाते ते मोजले. प्यालेले पाणी शरीरातल्या साऱ्या पाण्यात मिसळून जात होते आणि पाण्याचा एक रेणू शरीरात सरासरी दोन आठवड्यांच्या आसपासच मुक्काम करत होता.

१९३५ मध्ये कोपनहेगनमध्ये हेवेशी आणि शल्यविशारद ओले किएविट्झ यांनी उंदरांना किरणोत्सारी स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, खाऊ घातला. याचे अर्धायुष्य सुमारे १४ दिवस असल्याने काही आठवडे मोजमाप करता येत होते. उंदरांची इंद्रिये जाळून राख मोजली गेली. पूर्ण वाढलेल्या उंदराची हाडे म्हणजे एकदा घातलेला पाया, त्यात पुन्हा देवघेव नाही, असा समज होता. प्रत्यक्षात नवा स्फुरद हाडांत शिरला होता आणि जुना निघत होता. हाड ही सतत मोडणारी आणि सतत घडणारी ऊती निघाली.

न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ शोनहायमर याने हाच विचार अन्नाला लावला. नाझी राजवट आल्यावर १९३३ मध्ये तो जर्मनी सोडून कोलंबिया विद्यापीठात आला होता आणि युरी याच विद्यापीठात होता. शोनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी जड हायड्रोजन जोडलेले मेद उंदरांना दिले. चरबी म्हणजे अडीनडीला काढायची पुंजी, रोजचा खर्च ताज्या अन्नातून भागतो, असे तोवर मानले जाई. पण खाल्लेल्या मेदाचा मोठा भाग आधी चरबीच्या साठ्यात जमा होत होता आणि साठ्यातला जुना मेद खर्चासाठी बाहेर पडत होता. पुढे जड नायट्रोजन जोडलेले ल्युसिन हे अमिनो आम्ल दिले, तेव्हा त्यातला निम्म्याहून अधिक नायट्रोजन शरीराच्या प्रथिनांत सापडला. आतड्याचे आवरण, मूत्रपिंड, यकृत आणि रक्तद्रव यांत ही उलाढाल वेगाने चाले, स्नायू आणि त्वचेत ती संथ होती. शोनहायमरने १९४१ मध्ये आत्महत्या केली. शरीराच्या या वाहत्या अवस्थेवरचे त्याचे पुस्तक दुसऱ्या वर्षी निघाले.

याच काळात खुणेचे औषधही झाले. अवटू ग्रंथीत आयोडिन असते हे १८९५ पासून माहीत होते. नोव्हेंबर १९३६ मध्ये बोस्टनमधल्या एका व्याख्यानानंतर सॉल हर्ट्झ या डॉक्टरने आयोडिन किरणोत्सारी करता येईल का, असा प्रश्न विचारला. पहिल्यांदा बनलेल्या किरणोत्सारी आयोडिनचे अर्धायुष्य फक्त २५ मिनिटे होते. ते टोचून सशाची ग्रंथी लगोलग काढून मोजावी लागे. तरीही अवटू ग्रंथी इतर ऊतींच्या कित्येक पटींनी आयोडिन ओढून घेते, हे स्पष्ट झाले. जी ग्रंथी स्वतःहून आयोडिन ओढते तिच्यात किरणोत्सारी आयोडिन पाठवले, तर ते बाकी शरीराला फारसे न दुखावता तिथेच काम करील, असा सरळ हिशेब होता. १९४१ मध्ये अवटू ग्रंथीच्या अतिक्रियेचा पहिला रुग्ण या उपचारावर ठेवला गेला. भारतात अशा तपासण्या आणि उपचारांचे मोठे काम मुंबईत परळला १९६३ मध्ये सुरू झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये उभे राहिले.

प्रतिपिंडाला लावलेला दिवा

आयोडिन किंवा स्फुरद यांचा माग काढणे एक, आणि हजारो प्रथिनांमधून एकच नेमके प्रथिन ओळखणे वेगळे. रसायनांचे रंग एवढे चोखंदळ नव्हते. चोखंदळ होती ती शरीराची स्वतःची प्रतिपिंडे. प्रत्येक प्रतिपिंड ठरावीक आकारालाच चिकटते. हार्वर्डमधला तरुण डॉक्टर आल्बर्ट कून्स याला १९३९ मध्ये बर्लिनच्या मुक्कामात कल्पना सुचली, की या प्रतिपिंडालाच चमकणारा रंग जोडावा आणि ते ऊतीत कुठे चिकटते ते पाहावे.

पहिला रंग निळसर चमकायचा. ऊती अतिनील प्रकाशात स्वतःही निळसर चमकतात, त्यामुळे हवी ती चमक त्या उजेडात हरवली. मग कून्सने हिरवी चमक देणारे फ्लुरेसिन जोडले आणि १९४२ मध्ये उंदरांच्या ऊतींत न्यूमोकोकस जंतूंचे घटक नेमके कुठे बसले आहेत ते दाखवले. महायुद्धामुळे काम थांबले, ते १९५० च्या सुमारास पुन्हा वेगाने चालू झाले. १९६० च्या दशकात चमकणाऱ्या रंगाऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर जोडण्याची रीत आली. विकराने उमटवलेला तपकिरी रंग साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतो आणि स्लाइड वर्षानुवर्षे टिकते. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची पद्धत शोधली आणि ही चाचणी जगभरच्या रुग्णालयांत पोचली.

सर्पगंधा ते डोपामिन

रेणूच्या ठिकाणावरून आजाराचे मूळ सापडल्याचे एक ठळक उदाहरण १९५० च्या दशकात घडले, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. सर्पगंधेचे मूळ भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचे तिचे परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष त्यामुळे या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे झाले. रेसर्पिनने रक्तदाब उतरे आणि मन शांत होई. पण काही रुग्णांच्या हालचाली मंदावत, हात थरथरत. हे चित्र कंपवाताशी जुळणारे होते.

स्वीडनमध्ये लुंड येथे आर्विड कार्लसन याने सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचल्यावर ते पुन्हा हिंडूफिरू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामिन बनते. तोवर डोपामिन म्हणजे दुसरी द्रव्ये बनवण्याच्या वाटेवरची एक पायरी, एवढेच समजले जाई. कार्लसनच्या गटाने मेंदूच्या निरनिराळ्या भागांतले डोपामिन मोजले. ते सर्वत्र सारखे पसरलेले नव्हते. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या, मेंदूच्या तळाजवळच्या केंद्रांत त्याचा मोठा साठा होता. नुसती पायरी अशी एकाच जागी साठत नाही.

व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच याने पुढचे पाऊल टाकले. कंपवाताने मेलेल्या आणि इतर कारणांनी मेलेल्या माणसांच्या मेंदूंतली तीच केंद्रे घेऊन त्याने डोपामिन तपासले. त्याच्या रासायनिक चाचणीत डोपामिनमुळे गुलाबी रंग येई. निरोगी मेंदूच्या नळीत तो आला, कंपवाताच्या रुग्णाच्या नळीत जवळजवळ आलाच नाही. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. निष्कर्ष १९६० मध्ये छापले गेले आणि १९६१ मध्ये रुग्णांना एल-डोपा देऊन पाहिला गेला. जखडलेले रुग्ण काही काळ उठून चालू लागले. खुद्द डोपामिन देऊन भागत नाही, कारण ते गोल्डमानच्या निळ्या रंगाप्रमाणेच रक्तातून मेंदूत शिरत नाही. एल-डोपाला त्या अडसरातून जाण्याची वाट आहे.

तो अडसर कशाचा, याचे उत्तरही याच दशकात आले. १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी पेरॉक्सिडेज उंदरांच्या रक्तात सोडून मेंदूतल्या केशवाहिन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. इतर इंद्रियांत केशवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींमध्ये फटी असतात. मेंदूत त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या होत्या आणि विकर त्या सांध्यांशी येऊन थांबले होते.

नकाशासंग्रह

१९६९ मध्ये येल विद्यापीठात जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी खुणेचा आणखी एक प्रकार दाखवला. किरणोत्सारी न्यूक्लिक आम्लाचा तुकडा छेदावर सोडला, की त्याच्याशी अक्षरशः जुळणारा क्रम जिथे असेल तिथेच तो चिकटतो. या पद्धतीमुळे एखादे जनुक कोणत्या पेशीत बोलते आहे आणि कोणत्या पेशीत मुके आहे, हे जागच्या जागी पाहता येऊ लागले.

मानवी जनुकसंचाचे वाचन २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २० हजार निघाली. एकेका रेणूमागे एकेका शास्त्रज्ञाने आयुष्य घालवायचे, ही रीत आता पुरणार नव्हती. त्याच वर्षी स्वीडनमध्ये माथियास उलेन याच्या नेतृत्वाखाली ह्यूमन प्रोटीन अॅटलस हा प्रकल्प सुरू झाला. मानवी प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे तयार करायची आणि प्रत्येक प्रथिन शरीराच्या कोणत्या ऊतीत, पेशीच्या कोणत्या भागात आहे ते छायाचित्रांत नोंदवायचे, असे त्याचे स्वरूप होते.

काम कारखान्याच्या शिस्तीने चालले. मेणाच्या ठोकळ्यात घट्ट केलेल्या निरनिराळ्या ऊतींतून एक मिलिमीटर व्यासाचे गोल तुकडे काढून ते एकाच ठोकळ्यात ओळीने बसवले जात. त्याचा काही मायक्रॉन जाडीचा छेद काचपट्टीवर घेतला, की एका पट्टीवर यकृत, मूत्रपिंड, त्वचा, मेंदू असे सारे शेजारीशेजारी येई. तपकिरी रंग कुठे, किती गडद उमटला हे अनुभवी डोळ्यांनी पाहून नोंदवणे ही यातली सर्वांत किचकट पायरी होती. लक्षावधी छायाचित्रांच्या या वाचनाचा मोठा वाटा मुंबईतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या गटाने उचलला.

जानेवारी २०१५ मध्ये या प्रकल्पाचा ऊतिनिहाय नकाशा सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्मी जनुके तपासलेल्या सर्व ऊतींत चालू होती. श्वसन, प्रथिननिर्मिती, डागडुजी अशी प्रत्येक पेशीला लागणारी कामे ती करतात. केवळ एकाच ऊतीची म्हणावीत अशी जनुके तुलनेने थोडी निघाली. त्यांची सर्वाधिक संख्या वृषणात होती आणि त्याखालोखाल मेंदूत. ऊतींमधला भेद बराचसा प्रमाणाचा असतो: तीच प्रथिने, पण एका ठिकाणी थेंब आणि दुसऱ्या ठिकाणी घागर. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या जीटेक्स प्रकल्पाने मरणोत्तर दात्यांच्या पन्नासहून अधिक ठिकाणच्या ऊतींतला आरएनए मोजून याला जोड दिली. २०१६ मध्ये स्टॉकहोममधल्या गटाने काचपट्टीवरच्या प्रत्येक बिंदूला सांकेतिक क्रमांक देऊन छेदातल्या हजारो जनुकांचा आरएनए जागेसह एकाच वेळी वाचण्याची पद्धत मांडली.

पत्त्यांचा उपयोग

या दोनशे वर्षांच्या शोधाचा वापर रोज रुग्णालयांत होतो. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातले एसजीओटी वाढते असे दाखवले. पण हे विकर हृदयात, यकृतात आणि इतर स्नायूंतही असते, म्हणून वाढलेला आकडा नेमके कुठे दुखावले ते सांगत नसे. ट्रोपोनिन या स्नायूंतल्या प्रथिनाचा हृदयातला प्रकार जवळजवळ हृदयाच्या स्नायूपुरताच मर्यादित आहे, हे कळल्यावर झटक्याच्या निदानात त्याने एसजीओटीची जागा घेतली. स्तनाच्या कर्करोगात हर-टू हे प्रथिन पेशींच्या आवरणावर किती आहे, हे कून्सच्या पद्धतीच्या वंशातल्या चाचणीने पाहिले जाते आणि त्यावर एका औषधगटाचा निर्णय अवलंबून असतो. मेंदूवरचे प्रत्येक नवे औषध गोल्डमानच्या अडसराचा विचार करूनच घडवावे लागते.

या नकाशांना मर्यादाही आहेत. प्रतिपिंड कधीकधी भलत्याच प्रथिनाला चिकटते, म्हणून एकाच प्रथिनासाठी दोन वेगळी प्रतिपिंडे वापरून किंवा आरएनएच्या मोजमापाशी ताडून खात्री करावी लागते. मृत्यूनंतर काही तासांनी घेतलेल्या ऊतीतला आरएनए जिवंत ऊतीतल्यासारखाच असेल असे नाही. वय, आहार, आजार आणि दिवसाची वेळ यांनीही प्रमाणे बदलतात. शिवाय काचपट्टीवरचा छेद एका क्षणाचे चित्र देतो. त्या क्षणी तिथे असलेले रेणू किती काळ राहतात आणि कुठे जातात, हे विचारायचे असेल तर आजही हेवेशी आणि शोनहायमर यांच्याच वाटेने, खूण केलेले अणू शरीरात पाठवून, त्यांचा माग काढावा लागतो.